मोकळा तास कोणाचा?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून लिहिले आहे.)



गुणगौरवाच्या कार्यक्रमात भाषण करणाऱ्याने मुलांचे कौतुक करावे, चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि लवकर खाली बसून बक्षीसवाटपाला वाट करून द्यावी, अशी आपल्याकडे रीत आहे. आज आम्ही ती थोडी मोडणार आहोत. आमचे बोलणे मुलांपेक्षा पालकांसाठी आणि येथे आलेल्या शिक्षकवर्गासाठी अधिक आहे. विषय तसा लहान आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना कनिष्ठ महाविद्यालयात जो मोकळा तास मिळतो, ज्याला मुले ‘ऑफ तास’ म्हणतात, त्या तासाचे काय करावे, एवढाच तो विषय.

विषय निघण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात आपल्या भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयाने पालकसभा बोलावली होती. वेळापत्रकात आठवड्याचे सहा तास ‘स्वयंअध्ययन’ म्हणून ठेवण्याचा त्यांचा विचार आहे आणि हे तास कसे चालवावेत याबद्दल पालकांच्या सूचना त्यांना हव्या होत्या. सभेत लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, मुलांना वर्गात बसवा, हजेरी घ्या, दाराशी शिपाई उभा करा. दुसरा पक्ष म्हणाला, शिकवायचे नसेल तर मुलांना घरी सोडा, त्यांना क्लासला जायचे असते. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. प्राचार्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि दिवाळीनंतर निर्णय घेऊ असे सांगितले. आपल्या संस्थेने या बाबतीत लेखी निवेदन द्यावे असे कार्यकारिणीत ठरले आणि बँकेत कारकून आहोत म्हणून ते लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात पडले. आज जे बोलणार आहोत तो त्या निवेदनाचा कच्चा मसुदा समजा. आपणांस न पटणारे त्यात काही असेल तर ते आजच सांगावे. एकदा सह्याशिक्के झाले म्हणजे खाडाखोड करता येत नाही, हे आम्हाला नोकरीने शिकवले आहे.

पहिली गोष्ट, पालकसभेतले दोन्ही पक्ष एक प्रश्न विचारायला विसरले. मुलाला घरी सोडा असे म्हणताना ते घर कसे आहे, हे कोणी विचारले नाही.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, तीत आम्ही आठ माणसे. मोरी खोलीतच, स्वयंपाक खोलीतच, आजीचे अंथरूण खोलीतच. शेजारचा रेडिओ आपल्याच घरात लागल्यासारखा ऐकू यायचा. चाळीत मुलांचा अभ्यास चाले तो मधल्या लांब व्हरांड्यात, रात्री अकराच्या पुढे, लोकांची ये-जा थांबल्यावर. नाहीतर पुस्तके घेऊन सुदाम काळू अहिरे मार्गावर जायचे. त्या रस्त्याला सगळी वरळी आजही ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखते. रहदारी कमी, झाडे आहेत, रस्त्यावर दिवे आहेत. मुले पदपथावर बसून, येरझारा घालून पाठांतर करायची. अलीकडच्या काळात महापालिकेने तिथे बसण्याची बरी सोय केली आहे. वर्तमानपत्रांत त्या गल्लीचे कौतुक छापून येते, ते वाचून आम्हाला आनंदही होतो आणि मनात एक प्रश्नही येतो. मुलांना अभ्यासासाठी रस्त्यावर यावे लागते, यात कौतुक कोणाचे करायचे?

परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकीकत आपल्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. परळच्या डबक चाळीतली एक खोली, तीत सगळे कुटुंब. सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. चाळ झोपली म्हणजेच शांतता मिळे, म्हणून दोनची वेळ. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती जिद्दीचा धडा म्हणून. ते योग्यच आहे. पण त्याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. एल्फिन्स्टन हायस्कूल सुटल्यावर भीमराव थेट घरी जात नसत. चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. ते पेशाने शिक्षक आणि लेखक. एक मुलगा रोज एकटा पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी पाहिले, आपण होऊन चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला.

आता या प्रसंगाकडे आजच्या विषयाच्या नजरेने पाहा. ती बाग म्हणजे मोकळा तास होता. जागा शांत होती, वेळ मुलाची स्वतःची होती, काय वाचायचे हे तोच ठरवीत होता. आणि जवळच एक मोठे माणूस होते. त्या माणसाने हजेरी घेतली नाही, पाठांतर म्हणून दाखव असे सांगितले नाही. फक्त लक्ष ठेवले आणि योग्य वेळी हातात पुस्तक ठेवले. हे सगळे शाळेच्या आवारात घडायला हवे होते. ते शाळेबाहेरच्या एका बागेत योगायोगाने घडले. आमचे म्हणणे एवढेच की योगायोगावर किती मुलांनी विसंबून राहायचे?

अकरावी-बारावीचा हा घोळ मुळात आपल्या रचनेतच आहे. पूर्वी अकरावी म्हणजे मॅट्रिक, ती शाळेतच व्हायची. १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि मधली दोन वर्षे कुठे माध्यमिक शाळेला जोडली गेली, कुठे वरिष्ठ महाविद्यालयाला. शाळेला जोडलेल्या ठिकाणी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पाचवीच्या मुलासारखे रांगेत उभे करतात. महाविद्यालयाला जोडलेल्या ठिकाणी त्याला एकदम पदवीचा विद्यार्थी समजून वाऱ्यावर सोडतात. त्यामुळे त्याचा मोकळा तास कोणाच्याच हिशेबात नाही. एके ठिकाणी तो शिस्तीचा प्रश्न होतो, दुसऱ्या ठिकाणी कँटीनचा.

आम्ही स्वतः दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी शिकलो. कला शाखेला प्रवेश घेतला होता. अर्थशास्त्राचे सर दीर्घ रजेवर गेले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, म्हणून आठवड्यातून चार तास मोकळे मिळू लागले. आनंदाने ग्रंथालयात गेलो तर दाराला कुलूप. चौकशी केली तेव्हा कळले की तासिका चालू असताना ग्रंथालय बंद ठेवण्याचा नियम आहे, कारण मुले तास बुडवून तिथे बसतात. म्हणजे तास बुडवून मुले पुस्तकांच्या खोलीत बसतात म्हणून खोली बंद! आम्ही जिन्यात बसलो. शिपायाने उठवले. मैदानाच्या कडेला बसलो. खेळाच्या सरांनी उठवले. फाटकाबाहेर गेलो तर ओळखपत्र काढून घेतले. त्या वर्षी आम्हाला समजले की इमारत केवढीही मोठी असली तरी बसायला जागा नसू शकते.

शेवटी ग्रंथालयातल्या बाईंनाच दया आली. नियतकालिकांच्या कपाटामागे एक बाक होता. “कुलूप बाहेरून असू दे, मागच्या दाराने या, आवाज करायचा नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. पुढची दोन वर्षे त्या बाकावर आम्ही आणि आणखी तिघे बसत होतो. पाठ्यपुस्तके तर वाचलीच, पण समोरच्या फळीवर मराठी विश्वकोशाचे खंड होते तेही हाताशी आले. इतिहासाच्या पुस्तकात एखादे नाव आले की विश्वकोशात शोधायचे, तिथून दुसरे नाव सापडायचे. परीक्षेत त्याचा एक गुणही मिळाला नाही. पण एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ती शोधायची कशी, हे आम्ही तिथे शिकलो आणि बँकेच्या परीक्षेच्या वेळी तेच उपयोगी पडले. बाई दर शनिवारी जाता जाता विचारायच्या, “या आठवड्यात काय झालं?” उत्तर द्यावेच लागे. त्या एका प्रश्नाच्या धाकाने आम्ही जेवढे वाचले तेवढे कोणाच्या छडीने वाचले नसते.

तेव्हा आम्हाला वाटायचे की ही गोष्ट फक्त आमची. पुढे लक्षात आले की मुलींच्या बाबतीत ती याहून अवघड आहे. मुलगा लवकर घरी आला तर पुस्तक टाकून मैदानात जातो. मुलगी लवकर घरी आली तर तिचा मोकळा तास आपण माणसे वाटून घेतो. पाणी भर, धाकट्याला सांभाळ, संध्याकाळच्या पोळ्या आताच लाटून ठेव. आमच्याच घरात हे घडले. आमची मुलगी अकरावीला असताना शेवटचे दोन तास मोकळे म्हणून दीड वाजता घरी यायची आणि आम्हाला वाटायचे, बरे झाले, तिला अभ्यासाला वेळ मिळतो. सहा महिन्यांनी तिनेच एकदा सांगितले, “पप्पा, कॉलेज साडेतीनपर्यंत असतं तर बरं झालं असतं.” बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. स्त्रीशिक्षणावर आम्ही या व्यासपीठावरून दोनदा बोललो आहोत.

तेव्हा ‘मुलांना घरी सोडा’ या सूचनेचा खरा अर्थ काय होतो तो पाहा. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, टेबल आहे, पंखा आहे, त्याचे काही बिघडत नाही. त्याचा मोकळा तास घरीही मोकळाच राहतो. ज्याच्या घरी काही नाही, त्याच्या दिवसातला शांततेचा एकुलता एक तास शाळा फाटकाबाहेर टाकून देते. नियम दोघांना सारखाच, हिशेब मात्र दोघांचा सारखा नाही.

आता पहिल्या पक्षाकडे वळू, कारण त्या पक्षात आम्ही स्वतः काही काळ होतो आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा अधिकार नाही.

तीन वर्षांपूर्वी संस्थेने विहाराच्या सभागृहात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली तेव्हा व्यवस्था आमच्याकडे होती. आम्ही मोठ्या उत्साहाने नियमावली केली. आल्याबरोबर सही, दर अर्ध्या तासाने सही, जागा सोडायची असेल तर चिठ्ठी, बोलल्यास नाव फळ्यावर. महिनाभरात रजिस्टर असे भरले की पाहणाऱ्याने शाबासकी द्यावी. बारावीचा एक मुलगा रोज वेळेवर यायचा, सह्या सगळ्या करायचा आणि मधल्या वेळात डोके टेकून झोपायचा. चार दिवस पाहिले, पाचव्या दिवशी सर्वांसमोर त्याला उठवून आम्ही बोललो. झोपायचे असेल तर घरी झोप, ही धर्मशाळा नाही, असे शब्द होते. त्याने दप्तर उचलले आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, आठवडाभर आला नाही. त्याच्या वस्तीतल्या एका मुलाकडून मग कळले की तो पहाटे साडेतीनला उठून दुधाच्या पिशव्या टाकायचा, सातला कॉलेज, दुपारी वडिलांच्या हातगाडीवर आणि संध्याकाळी आपल्याकडे. पाऊण तास झोपून उठल्यावर रात्री नऊपर्यंत तो सलग वाचायचा. ते मात्र आम्ही पाहिले नव्हते. आम्ही सह्या पाहत होतो.

आम्ही त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. तो आदराने बोलला, चहा दिला, पण परत आला नाही. त्या वर्षी त्याचे इंग्रजी राहिले. पुरवणी परीक्षेत सुटले, पण तोपर्यंत प्रवेश होऊन गेले होते आणि वर्ष गेले. आज तो इथे नाही. या समारंभात कधीतरी त्याचे नाव पुकारले जाईल असे आम्हाला तेव्हा वाटत असे.

त्यानंतर आम्ही सह्यांचे रजिस्टर बंद केले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हजेरीपट आणि पासबुक यांतला फरक आम्हाला उशिरा कळला. हजेरीपटावरून माणूस आला होता एवढेच समजते, दिवसभरात त्याने काय केले ते समजत नाही. पासबुक खातेदाराच्या हातात असते. काय जमा झाले, काय गेले, शिल्लक किती, हे आधी त्याला दिसते. बँक फक्त नोंद करून देते. अभ्यासिकेत आता प्रत्येकाची एक चाळीस पानी वही आहे. आल्यावर मुलाने एक ओळ लिहायची, आज काय करणार. जाताना दुसरी ओळ, काय झाले. न झाल्यास का नाही, तेही लिहायला हरकत नाही. आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कोणीतरी ती वही त्याच्याबरोबर बसून पाहतो. लाल पेन नाही, गुण नाहीत. पहिले पंधरा दिवस मुलांनी वाटेल ते लिहिले. ‘पूर्ण पुस्तक वाचले’ असेही एकाने लिहिले होते! हळूहळू ओळी लहान आणि खऱ्या होऊ लागल्या. ‘लेखांकनाची दोन उदाहरणे, एक चुकले.’ अशी ओळ मुलाने आपण होऊन लिहिली की समजावे, तो स्वतःचा हिशेब ठेवायला शिकला.

हीच वही कनिष्ठ महाविद्यालयाने वापरावी अशी आमची पहिली सूचना आहे. स्वयंअध्ययनाच्या तासाला शिक्षक असावा, पण त्याने शिकवू नये. हे ऐकून शिक्षकबंधू हसतील, कारण बारावीला पोर्शन पूर्ण करण्याची घाई आम्हालाही ठाऊक आहे. मोकळा तास दिसला की तो मागून घेण्यासाठी स्टाफरूममध्ये कशी रस्सीखेच होते हेही ऐकून आहोत. पण हा तास एकदा इतर विषयांना उसना दिला की तो परत येत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. निवेदनात आम्ही स्पष्ट लिहिणार आहोत की हे सहा तास कोणत्याही विषयाला देऊ नयेत, परीक्षा जवळ आली तरी.

वेळापत्रकात हा तास कुठे ठेवायचा यालाही महत्त्व आहे. तो शेवटी ठेवला की व्यवहारात तो सुट्टीच होतो. फाटक उघडे, रिक्षा उभी, क्लासची वेळ झालेली. तो मधल्या सुट्टीच्या आधी किंवा लगेच नंतर ठेवावा. ग्रंथालय त्या वेळी उघडे हवे, आणि उघडे म्हणजे कपाटेही उघडी. काचेमागची पुस्तके पाहून कोणाचा अभ्यास होत नाही. सगळी मुले ग्रंथालयात मावणार नाहीत, तेव्हा एक वर्ग पूर्ण शांततेचा आणि एक वर्ग हळू आवाजात बोलण्याचा ठेवावा. गणित आणि लेखांकन दोघांनी मिळून सोडवले तर लवकर सुटते. प्रत्येक कुजबूज म्हणजे टवाळकी नव्हे.

मोबाइलचा प्रश्न हमखास निघतो, म्हणून त्याबद्दल एक शब्द. ज्या मुलाकडे संदर्भग्रंथ नाहीत, क्लासची फी नाही, त्याचा मोबाइल हाच क्लास आणि तेच ग्रंथालय. तो सरसकट काढून घेतला तर पुन्हा त्याच मुलाचे नुकसान. आणि तो सरसकट चालू ठेवला तर काय होते ते आपण घरोघरी पाहतोच. आमच्या अभ्यासिकेत खिडकीजवळचे एक टेबल मोबाइलसाठी ठेवले आहे, पडदा सर्वांना दिसेल असे. काम असेल त्याने तिथे बसावे, झाले की फोन दप्तरात. यात पळवाटा निघतात, नाही असे नाही. तरी बंदीपेक्षा हे बरे चालले आहे.

मुलांनी या तासात नेमके काय करावे हे सांगणारे बरेच असतात, आम्ही एकच गोष्ट सांगतो. आपल्या मुलांची अभ्यासाची पद्धत म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला. काहींनी उतारा एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वर्गात शिक्षक बोलत असताना आठवून लिहिण्याची संधी मिळत नाही. गोंगाटाच्या घरातही मिळत नाही. पुस्तक मिटायचे, कोरा कागद घ्यायचा आणि पंधरा मिनिटे स्वतःशी झगडायचे, हे मोकळ्या तासातच होऊ शकते. मुलांना हे कोणीतरी करून दाखवले पाहिजे. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत शिक्षकाने या तासाला जास्त लक्ष द्यावे, पद्धत शिकवावी आणि मग हळूहळू दोर सैल करावा. बारावीच्या दुसऱ्या सत्रात वही नीट ठेवणाऱ्या मुलाला कुठे बसावे, काय करावे याची पूर्ण मोकळीक असावी. नोकरीत कायम होण्याआधी आम्हालाही काही महिने परिवीक्षेवर ठेवले होते, त्यात अपमान वाटला नाही. जन्मभर परिवीक्षेवर ठेवले असते तर वाटला असता.

हे काही आम्ही नव्याने शोधून काढलेले नाही. जवाहर नवोदय विद्यालयांत, ज्यांतील पहिल्या दोनपैकी एक आपल्या अमरावतीला निघाले, मुले तिथेच राहतात आणि दिवसाच्या वेळापत्रकात शिक्षकाच्या देखरेखीखालच्या अभ्यासाची वेळ ठेवलेली असते. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा वयाची मुले बहुधा तीनच विषय घेतात आणि मधले तास अभ्यासासाठी ठेवलेले असतात. आपल्याकडे विषयांची गर्दी आहे, तेव्हा तिथली नक्कल होणार नाही. पण बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळची वेळ ठेवली, हे आपण विसरू नये. विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग घंटा केव्हा द्यायची ते ठरवायचे, ही पद्धत आपल्याच घरातली आहे.

प्राचार्यांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. मोकळ्या तासात मुलगा फाटकाबाहेर गेला आणि अपघात झाला तर जाब त्यांना विचारला जातो. शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, देखरेखीला माणूस आणायचा कुठून? म्हणून निवेदनात आपण नुसत्या मागण्या करणार नाही. आपल्या संस्थेतील सेवानिवृत्त सभासदांपैकी पाच जणांनी आठवड्यातून एक-एक दिवस तिथे जाऊन बसण्याची तयारी दाखवली आहे. शिकवायला नव्हे, केवळ बसायला आणि शनिवारी वही पाहायला. महाविद्यालयाने परवानगी दिली तर दोन तासांचा प्रश्न सुटतो. उरलेल्या चार तासांचे त्यांनी पाहावे. फाटकाच्या बाबतीत एक आग्रह मात्र राहील. सध्या तिथे मुलींना बाहेर सोडत नाहीत आणि मुलांना सोडतात. सुरक्षिततेसाठी असेल तर नियम दोघांना लावा. मुलींसाठी फाटक बंद आणि ग्रंथालयही बंद, तर त्यांनी तासभर जिन्यात बसायचे का?

निवेदनाचा मसुदा अभ्यासिकेच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. शेजारी एक कोरी वही आहे. अकरावी-बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीत दोन गोष्टी लिहाव्यात. मोकळ्या तासाला तुम्ही सध्या कुठे बसता, आणि घरी तुम्हाला सलग किती वेळ शांतपणे वाचता येते. नाव लिहायची गरज नाही. कालपर्यंत तेवीस जणांनी लिहिले आहे. त्यात एकाने पहिल्या प्रश्नापुढे ‘जिन्यात’ आणि दुसऱ्यापुढे ‘नाही’ एवढेच लिहिले आहे. रविवारी सायंकाळी सहा वाजता कार्यकारिणी बसेल आणि सोमवारी निवेदन प्राचार्यांच्या हाती जाईल. पालकांनी सह्या करण्यापूर्वी ती वही एकदा चाळावी, अशी विनंती आहे.

जयभीम!